बिग ममाचं स्किलेट मी साबणात भिजत घातलं

आधी कबुली देऊन टाकते म्हणजे पुढचं लिहायला मोकळी. शनिवारी रात्री सगळे जेवून बाहेर पोर्चमध्ये बसले होते, मी म्हणलं चला आपण जरा गुणी सुनेसारखं किचन आवरून टाकू, आणि बिग ममाचं ते काळं जड स्किलेट, म्हणजे बिडाचा खोलगट तवा, सिंकमध्ये गरम पाणी आणि लिक्विड सोप घालून भिजत ठेवलं आणि झोपायला गेले. रात्रभर. ज्यांच्या घरात बिडाचा तवा आहे त्यांनी इथंच कपाळाला हात लावला असेल.

बिग ममा म्हणजे माझ्या नवऱ्याची आजी, त्याच्या आईची आई, वय ८६. मी सोलापूरची, नवरा अलाबामाचा, राहतो आम्ही अटलांटात. नात्यानं ती माझी आजेसासू, सोलापुरात असती तर अहो-जाहो करून मी दमले असते. इथं यू म्हणलं की झालं असं लग्नाच्या वेळी वाटलं होतं, पण कसलं काय, साउथमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिण भागात, मोठ्या माणसांना येस मॅम, नो मॅम म्हणावंच लागतं, नुसतं येस म्हणलं तर पोरांना तिथल्या तिथं टोकतात. मी पहिल्या भेटीत नुसतं "या" (yeah) म्हणाले होते तेव्हा सासूबाई खोकल्या होत्या, तो खोकला मला कळायला सहा महिने लागले. मनात मात्र मी तिला अगंच म्हणते. आजी आणि अहो हे काही जमत नाही.

तर लेबर डेचा लाँग वीकेंड, सप्टेंबरचा पहिला सोमवार सुट्टी. टस्कीगीपासून थोडं आत तिचं घर आहे, अटलांटाहून आय-८५नं दोन-सव्वादोन तास. अलाबामाची हद्द ओलांडली की घड्याळ एक तास मागं जातं, त्यामुळे आठला निघालं की सव्वानऊला पोचतो, यावर नवरा दर वेळी "बघ किती फास्ट चालवली" म्हणतो, आणि परत येताना तो तास भरावा लागतो तेव्हा गप्प असतो.

पोचलो तेव्हा बिग ममा पोर्चमध्ये खुर्चीवर, मांडीत पातेलं, पायाशी दोन बादल्या भरून शेंगा. हॅलो वगैरे झालं आणि माझ्यासमोर एक पातेलं आलं. पर्पल हल पीज म्हणतात त्याला. शेंग बाहेरून जांभळी, आत फिकट हिरवे दाणे आणि प्रत्येक दाण्याला डोळा. मी पहिली शेंग उघडली आणि म्हणलं अगं ही तर चवळी! ओली चवळी, दुसरं काही नाही. शिर ओढायची, अंगठा घालून सरकवायचा, दाणे खाली. एका तासात माझी दोन्ही अंगठ्यांची नखं जांभळी झाली आणि तो रंग मंगळवारी ऑफिसच्या मीटिंगपर्यंत टिकला. बिग ममाचा स्पीड विचारूच नका, ती बोलतेय, रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक गाडीला हात करतेय, आणि पातेलं भरतंय. मला दोनदा म्हणाली बेबी, शेंगेकडे काय बघत बसतेस, ती कुठं पळून जाणारे?

मागच्या अंगणात नवऱ्याच्या मामानं गॅसच्या मोठ्या बर्नरवर हंडाभर भुईमुगाच्या शेंगा उकडायला टाकल्या होत्या. बॉइल्ड पीनट्स. त्याला ते ग्रीन पीनट्स म्हणतात आणि मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हिरव्या शेंगा शोधत होते, तर ग्रीन म्हणजे नुकत्या उपटलेल्या, न वाळवलेल्या, आपण ओल्या शेंगा म्हणतो तेच. फरक एवढाच की आपण कुकरला तीन शिट्ट्या करतो आणि हे लोक तीन तास उकळत ठेवतात, मीठ म्हणाल तर समुद्र. टरफल इतकं मऊ होतं की दाबलं की आतलं खारं पाणी तोंडात येतं आणि थोडं शर्टवर जातं. मामा म्हणाला तू खातेस ते बघून वाटत नाही पहिल्यांदा खातेयस. मी म्हणलं, मामा, आमच्या सोलापुरात शेंगा हा विषय आहे, आमच्याकडे शेंगाची चटणी नसेल तर जेवण झालं असं कोणी मानत नाही.

आणि इथं एक सांगायलाच हवं. टस्कीगी हे कार्व्हरचं गाव, जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर, तो शेतीशास्त्रज्ञ. म्हणजे जन्मगाव नाही, तो मिसुरीचा, पण १८९६ मध्ये इथल्या काळ्या मुलांच्या कॉलेजचा प्रमुख बुकर टी. वॉशिंग्टन याच्या बोलावण्यावरून इथं आला तो १९४३ मध्ये जाईपर्यंत इथंच राहिला, दोघांच्या कबरी कॅम्पसमध्ये शेजारी शेजारी आहेत. आमच्या शाळेत कार्व्हरचं मराठी चरित्र हातोहात फिरायचं, कव्हर फाटलेलं, ते मी सातवीत वाचलेलं, हे जेव्हा नवऱ्याला सांगितलं तेव्हा त्याला वाटलं मी इम्प्रेस करायला काहीतरी सांगतेय. त्याच्या गावच्या माणसाला सोलापुरातली पोरं ओळखतात हे त्याच्या पचनीच पडेना. शेवटी मी आईला व्हिडिओ कॉल लावला आणि तिला नुसतं "कार्व्हर" म्हणलं, तर ती म्हणाली "भुईमूगवाला ना?" तेव्हा गप्प बसला.

मामा स्वतः थोडी शेती करतो, त्यामुळे त्याच्याकडून हे ऐकायला वेगळं वाटतं. कापसानं इथली जमीन पार चोपून काढली होती. कूळ म्हणून राबणाऱ्या काळ्या शेतकऱ्याला मालक कापसाशिवाय दुसरं काही लावू द्यायला तयार नसायचे, कारण कापसाचा पैसा येतो, आणि कुळाला खायला मिळायचं मक्याचं पीठ, डुकराची चरबट पाठ आणि काकवी. कार्व्हर सांगायचा की चवळी लावा, भुईमूग लावा, रताळी लावा, जमीन पण सुधारेल आणि पोटात पण काहीतरी जाईल. लोक कॉलेजात येऊ शकत नाहीत म्हणून १९०६ मध्ये घोडागाडीत अवजारं, बियाणं घालून तेच गावोगाव पाठवलं. १९१६ मध्ये त्यानं पत्रक काढलं त्यात भुईमुगाचे १०५ पदार्थ होते. पीनट बटर मात्र त्याचा शोध नाही, हे मामा प्रत्येकाला सांगतो, जरा चिडूनच सांगतो. बिग ममाचं म्हणणं तिच्या आईनं कार्व्हरला एकदा लांबून पाहिलेलं, कोटाला फूल लावलेलं होतं म्हणे. फुलाचं तर खरंच असणार, त्याच्या फोटोंत पण दिसतं.

आता जेवणाकडे येते. या घरात मी एक शब्द महागात शिकले, तो म्हणजे सीझनिंग. लग्नानंतर पहिल्यांदा आले तेव्हा माझा सोमवार होता, सोमवारी मी नॉनव्हेज खात नाही, आणि टेबलवर फरसबी शिजलेली छान दिसत होती, मी विचारलं यात मीट आहे का? बिग ममा म्हणाली नाही बेबी, मीट नाही, जस्ट अ लिटल सीझनिंग. मी दोन वाट्या खाल्ल्या. नंतर पातेल्याच्या तळाशी डावानं ढवळताना डुकराच्या पायाचा धूर दिलेला हा एवढा तुकडा वर आला. हॅम हॉक. ती खोटं बोलली नव्हती, तिच्या हिशेबात ते मीट नाहीच, ते आपल्या हिंगासारखं आहे. आईला ही गोष्ट अजून सांगितलेली नाही आणि ती ब्लॉग वाचत नाही.

यावेळी चवळीत पण ते होतंच, पण शनिवार होता, त्यामुळे देवाला चालतं. चवळी, त्यात हॉक, कांदा, एक लाल मिरची, वरून दोन-चार कोवळ्या भेंड्या अख्ख्या ठेवून दिल्या वाफेवर. बाकीची भेंडी गोल चिरून मक्याच्या पिठात घोळवून तळली. मी भेंडी आधी पुसून कोरडी करायला लागले तर बिग ममा म्हणाली कशाला, तो चिकटपणाच तर पीठ धरतो. आयुष्यभर आपण भेंडीचा चिकटपणा घालवायला लिंबू पिळ, आमसूल टाक, झाकण ठेवू नको हे करतो आणि ही बाई तोच कामाला लावते. इंग्रजीतला ओक्रा हा शब्दसुद्धा आफ्रिकेतून आलेला, इग्बो भाषेतला, आणि गंबो (इथला एक दाट रस्सा) हा पण तिकडचाच, बांटू भाषांत भेंडीला तसं म्हणतात. गुलाम म्हणून धरून आणलेल्या लोकांबरोबर ही भाजी आली, चवळी पण तशीच आली. आपल्याकडची चवळी आणि ज्वारी दोन्ही मूळच्या आफ्रिकेतल्याच, फक्त आपल्याकडे काही हजार वर्षं आधी आल्या, आणि वेगळ्या रस्त्यानं.

हिरव्या भाजीचं मी विचारलं, कोलार्ड ग्रीन्स, मला फार आवडते, तर नाही म्हणाली. फ्रिजरमधलीसुद्धा काढली नाही. थंडी पडू दे, पाल्यावर एकदा दव गोठू दे, मग गोडी येते, नोव्हेंबरात ये. मला लगेच हुरडा आठवला, आमच्याकडे पण कोणी अवेळी मागितला तर असंच तोंडावर नाही म्हणतात.

कॉर्नब्रेड त्या स्किलेटमध्ये होतो. रिकामं स्किलेट बेकनची चरबी घालून ओव्हनमध्ये ठेवायचं, ४५० फॅरेनहाइट, चांगलं तापलं की बाहेर काढून त्यात पीठ ओतायचं. पांढऱ्या मक्याचं पीठ, ताक, अंडं, मीठ, सोडा. ओतल्यावर चर्रर्र आवाज आला पाहिजे, फोडणीसारखा, नाही आला तर बिग ममा तोंड वाकडं करते आणि मग तो कॉर्नब्रेड कितीही चांगला झाला तरी ती त्याचं नाव घेत नाही. माप नाही. मी फोनमध्ये नोट्स उघडून बसले होते, किती कप? इनफ. ताक किती? टिल इट लुक्स राइट. माझ्या नोटमध्ये शेवटी लिहिलेलं आहे "पीठ – पुरे इतकं. ताक – भज्याच्या पिठापेक्षा सैल." साखर अजिबात नाही. यावरून घरात दोन पार्ट्या आहेत, मामी साखर घालते, आणि दर वेळी कोणीतरी हा विषय मुद्दाम काढतं. या वेळी माझ्या नवऱ्यानंच काढला. बिग ममा म्हणाली साखर घालायची असेल तर घाला, पण मग त्याला केक म्हणा आणि वर मेणबत्ती लावा. मामी उठून आत गेली, दहा मिनिटांनी आइस्ड टीचा जग घेऊन बाहेर आली, त्यात साखर एवढी की चमचा उभा राहील, आणि म्हणाली ही घ्या, ही चालते ना? ही चालते.

रात्री मात्र एक बघितलं आणि मी तिथंच उभी राहिले. सगळ्यांचं जेवण झालं, बिग ममानं टेबलवर फार काही खाल्लं नव्हतं. ती उठली, उरलेल्या कॉर्नब्रेडचा तुकडा घेतला, उंच काचेच्या ग्लासात कुस्करला, वरून फ्रिजमधलं गार ताक ओतलं, थोडं मीठ, आणि लांब चमच्यानं खायला लागली. ताक-भाकरी! माझी आजी रोज रात्री हेच खायची, पितळीत शिळी भाकरी कुस्करून, वर ताक, कडेला कांदा बुक्कीनं फोडून. मी म्हणलं कांदा नाही लागत का? ती म्हणाली माझा बाप घ्यायचा कांदा. आणि उठून एक व्हिडेलिया काढून दिला. हा शेजारच्या जॉर्जियातला गोड कांदा, १९८६ पासून कायदाच आहे, तिथल्या ठराविक भागात पिकला तरच व्हिडेलिया म्हणता येतं. गोड म्हणजे इतका की बुक्की मारण्यात मजाच नाही, डोळ्यात पाणीच येत नाही. पण खाल्ला. आम्ही दोघी ग्लास घेऊन बसलो. फार काही बोललो नाही.

आणि त्यानंतर मी भावनेच्या भरात भांडी घासायला गेले.

रविवारी सकाळी सहाला खाली आले तर बिग ममा सिंकपाशी उभी, नाइट गाउनमध्ये, हातात स्किलेट. आतून सगळं नारिंगी. तळाला पाण्याची रेघ होती तिथं तर गंजाचा गोल उठलेला. ते स्किलेट तिच्या आईचं आहे. अशी भांडी टेनेसीतल्या साउथ पिट्सबर्गच्या एका भट्टीत १८९६ पासून ओततात, हे तिथलंच का अजून कुठलं कोणाला माहीत नाही, खालचं नाव झिजून गेलंय. मला वाटलं आता मी रडणार. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मला माहीत होतं. मला कोणी शिकवायची गरज नव्हती. माझ्या आजीचा बिडाचा तवा होता, त्यावर धिरडी आणि घावन व्हायचे, आणि त्याला पाणी लावलं म्हणून मी लहानपणी धपाटा खाल्लेला आहे. पण मधे वीस वर्षं नॉनस्टिकची गेली आणि हाताला आठवलंच नाही.

बिग ममा काय म्हणाली? म्हणाली, हम्म. मग म्हणाली, साबणानं काही होत नाही, हल्लीच्या साबणात काही दम नसतो, पाण्यात का ठेवलंस? आणि स्किलेट कागदावर पालथं ठेवून दुसरं, छोटं काढलं, कारण बिस्किटांची वेळ झाली होती. शिक्षा म्हणा किंवा काय, बिस्किटं मला करायला लावली.

साउथचं बिस्किट म्हणजे पार्ले-जी नाही, मऊ, पापुद्र्याचा छोटा पाव म्हणा. पिठाचं एक मोठं लाकडी भांडं कायम भरलेलं असतं तिच्याकडे. मधे खड्डा करायचा, त्यात लार्डचा, म्हणजे डुकराच्या चरबीचा गोळा आणि ताक, आणि बोटांनी कडेचं पीठ ओढत ओढत आत घ्यायचं, जेवढं घेईल तेवढं, बाकीचं चाळून परत भांड्यात. पीठ इथलं वेगळंच, मऊ गव्हाचं, चिवटपणा कमी, आपण पोळीला मळतो तसं मळलं तर दगड होतो. मी सवयीनं मळायला लागले तर हातावर चापट. थापायचं, घडी घालायची, परत थापायचं. कापताना ग्लास सरळ खाली दाबायचा, फिरवायचा नाही, फिरवला की कडा मिटतात आणि बिस्किट वर येत नाही. माझी अर्धी फुगली, अर्धी बसली, बसलेली नवऱ्यानं खाल्ली.

बिस्किटांबरोबर ग्रिट्स, म्हणजे मक्याच्या कण्या लोणी घालून, आणि वर ओतायला एक बाटली. लेबलवर सोरगम सिरप. सोरगम म्हणजे ज्वारी! गोड धाटांची ज्वारी असते, तिचा रस काढून उघड्या कढईत आटवतात, आपल्या काकवीसारखंच, फक्त जरा आंबूस झाक येते. मी बिग ममाला सांगितलं की आम्ही याच्या दाण्याची भाकरी करतो, तेच आमचं रोजचं जेवण. ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, दाणा? दाणा तर आम्ही कोंबड्यांना घालतो. हे मी सोलापुरात सांगितलं तर दंगल होईल.

चर्चचं इथं लिहीत नाही, अडीच तास होतं, त्याच्यावर वेगळी पोस्ट होईल. परत आल्यावर चिकन. रात्रभर ताकात मुरवलेलं, मसाल्याच्या पिठात घोळवून तळायचं. तळताना बिग ममा बोलते, कारण चिकनपासून हलता येत नाही. १९५५ मध्ये माँटगोमेरीत, इथून ६० किलोमीटर वगैरे असेल, बसमध्ये काळ्या-गोऱ्यांचा भेद करायचे म्हणून काळ्या लोकांनी बसवर बहिष्कार टाकला, ३८१ दिवस, तेव्हा ती १६ वर्षांची. तिची मावशी तिथं लोकांच्या घरी स्वयंपाकाला होती, वर्षभर चालत गेली, आणि म्हणे चपलांचे तळ बदलून बदलून चांभाराशी मैत्री झाली. मग तिनं जॉर्जिया गिल्मोरचं सांगितलं. मला नाव माहीतच नव्हतं. ही स्वयंपाकीण बाई, तिनं बायका जमवल्या, घरोघरी चिकन, पाय, केक करून विकायच्या आणि तो पैसा बसऐवजी लोकांना नेणाऱ्या आंदोलनाच्या गाड्यांच्या पेट्रोलला. पैसे कुठून आले विचारलं तर कुठूनच नाही, कारण कळलं तर बायकांची कामं जातील, म्हणून मंडळाचं नावच "क्लब फ्रॉम नोव्हेअर". तिची स्वतःची नोकरी गेलीच, मग ती घरातच खानावळ चालवायला लागली आणि डॉ. मार्टिन ल्यूथर किंग तिथं जेवायला यायचे. १९९० मध्ये ती गेली तेव्हा मतदानाच्या हक्कासाठी निघालेल्या सेल्मा मोर्च्याच्या २५व्या वर्षासाठी स्वयंपाक करत होती, तेच जेवण मग तिच्या मयतीला आलेल्या लोकांना वाढलं. एवढं सांगून बिग ममा म्हणाली, चिमटा दे, आणि तंगडी उलटली. चिकन कसं झालं होतं ते लिहीत नाही, तुम्हाला त्रास होईल.

सोमवारी सकाळी स्किलेट. स्टीलच्या काथ्यानं मी एक तास घासलं, खालचं करडं लोखंड दिसेपर्यंत. मग धुऊन लगेच गॅसवर ठेवून सुकवलं, लार्ड चोळलं, आणि मग, हे महत्त्वाचं, सगळं पुसून काढलं. बिग ममा म्हणाली असं पूस की जणू चुकून लावलं होतंस. जाड थर राहिला तर चिकट होतो. ओव्हनमध्ये पालथं, एक तास. बाहेर ३४ डिग्री, आत ओव्हन, घरभर धूर, स्मोक अलार्म दोनदा वाजला, नवरा खुर्चीवर उभा राहून टॉवेल हलवतोय. तीनदा केलं हे. तिसऱ्यांदा बाहेर काढलं तेव्हा काळं नव्हतं, जरा तपकिरी होतं, बिग ममानं बोट फिरवलं आणि म्हणाली, दहा कॉर्नब्रेड झाले की येईल रंग.

ते ओव्हनमध्ये असताना मी आईला फोन लावला, तिकडे रात्र झाली होती. म्हणलं, आई, आजीचा बिडाचा तवा होता ना, तो भंगारात गेला का गं?

"कुठला, तो जाड? भंगारात कशाला देईन? गच्चीवर टाकीच्या झाकणावर ठेवलाय, वाऱ्यानं झाकण उडतं ना."

किती गंजलाय विचारलं तर म्हणाली, पावसात आहे तो दहा-बारा वर्षं, तूच बघ काय ते. आणि मग, "तुला कशाला हवाय आता? टाकीवर दुसरं काय ठेवू मी?"

डिसेंबरची तिकिटं काढलीयेत. आईला सांगितलंय, तोवर एक वीट बघून ठेव.